प्रादेशिक दैनिकाची मालकी आणि वाचकाचा हक्क : ‘सकाळ’च्या इतिहासाच्या आधारे एक विवेचन

प्रास्ताविक

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास आजवर प्रामुख्याने संपादकांच्या चरित्रांच्या आणि अग्रलेखांच्या आधारे लिहिला गेला आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, ‘केसरी’कार टिळक, ‘सुधारक’कार आगरकर, ‘मराठा’कार अत्रे अशी ‘कार’परंपरा आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. या मांडणीत वृत्तपत्र म्हणजे एका प्रतिभावंताची वाणी असे गृहीत धरले जाते. वस्तुतः वृत्तपत्र हे विचारांचे वाहन असते, त्याचबरोबर ती एक मालमत्ताही असते. त्याचा छापखाना कोणाच्या नावावर आहे, तोटा कोण सोसतो, भाग कोणाकडे आहेत आणि संस्थापकाच्या मृत्यूनंतर ते कोणाकडे जाते, या प्रश्नांवर त्या वाणीचे आयुष्य आणि तिची दिशा अवलंबून असते. मालकीचा हा इतिहास तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात पुणे येथे १ जानेवारी १९३२ रोजी सुरू झालेल्या ‘सकाळ’ या दैनिकाच्या मालकीचा इतिहास मध्यवर्ती धरला आहे. या पत्राचा वाचकवर्ग आरंभापासून पुणे शहरापुरता मर्यादित राहिला नाही. पुणे–मिरज लोहमार्गाने आणि पुढे एस. टी.ने ते सातारा, कराड, सांगली, मिरज या गावांत पोहोचत राहिले. त्यामुळे पत्राची मालकी पुण्यात आणि वाचक जिल्ह्यात, अशी जी प्रादेशिक दैनिकाची रचना असते, तिचा अभ्यास करण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. या लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, मराठी वृत्तपत्रांच्या मालकीचे प्रमुख प्रकार स्पष्ट करणे. दुसरे, ‘सकाळ’शी संबंधित दोन न्यायालयीन वादांतून वाचकाचे स्थान काय होते ते तपासणे. तिसरे, सहकाराची भूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सातारा-सांगली भागाच्या संदर्भात पर्यायी मालकीचा विचार मांडणे.

पूर्वपीठिका : संपादक आणि मालक यांचे द्वंद्व

‘केसरी’च्या पहिल्या चार दशकांत त्याच्या संपादनाशी निगडित असलेल्या तीन व्यक्तींचा संबंध आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांशी येतो, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली कराडजवळील टेंभू या गावी झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे मूळचे सांगलीचे. नरसिंह चिंतामण केळकर हे साताऱ्यात वकिली करीत असताना १८९६ साली टिळकांच्या बोलावण्यावरून पुण्यास गेले. या तिघांचे मार्ग भिन्न असले तरी तिघांच्याही आयुष्यात वृत्तपत्राच्या मालकीचा प्रश्न निर्णायक ठरला.

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली, तेव्हा ती न्यू इंग्लिश स्कूलच्या संस्थापक मंडळींचा सामाईक उद्योग होती. आगरकर हे ‘केसरी’चे पहिले संपादक. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी टिळक आणि आगरकर या दोघांनीही एकत्र कारावास भोगला. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद तीव्र झाले, तेव्हा सामाईक मालकीच्या पत्रात संपादकाने स्वतःचे मत मांडावे की बहुसंख्य सहकाऱ्यांचे, हा पेच उभा राहिला. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. १८९१ च्या सुमारास ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन्ही पत्रे कर्जासह टिळकांच्या मालकीची झाली. म्हणजे सामाईक मालकीचा हा प्रयोग सुमारे दहा वर्षांत संपुष्टात आला.

टिळकांच्या निधनानंतर (१ ऑगस्ट १९२०) या पत्रांची व्यवस्था विश्वस्तांकडे आली. मालकी विश्वस्तसंस्थेकडे सोपविल्याने पत्राचे ध्येय अबाधित राहील ही त्यामागील भूमिका होती. परंतु ध्येयाचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न तेथेही सुटला नाही. विश्वस्त आणि टिळकांचे वारस यांच्यात दीर्घकाळ वाद झाले. दुसरीकडे, गांधीजींच्या असहकाराच्या कार्यक्रमास अनुकूल असलेले खाडिलकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि काही काळ ‘लोकमान्य’ या दैनिकाचे संपादन केल्यानंतर १९२३ साली त्यांनी मुंबईत ‘नवाकाळ’ सुरू केले. ‘नवाकाळ’ पुढील पिढ्यांतही खाडिलकर घराण्यातच राहिले.

आगरकर आणि खाडिलकर यांच्या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मतभेदाच्या प्रसंगी संपादकाची लेखणी मोठी असली तरी अंतिम शब्द मालकीचा असतो. ज्याला स्वतःचे मत मांडायचे आहे त्याने स्वतःचे पत्र काढावे, हा मार्ग त्या काळी उपलब्ध होता, कारण साप्ताहिक पत्र काढण्यास लागणारे भांडवल मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात होते. दैनिकांचे युग आल्यावर हा मार्ग झपाट्याने अरुंद होत गेला.

‘सकाळ’ची स्थापना आणि स्वरूप

डॉ. नारायण भिकाजी उर्फ नानासाहेब परुळेकर (१८९७–१९७३) यांनी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले. तेथील वृत्तपत्रव्यवसायाचे निरीक्षण करून ते परतले आणि १९३२ च्या पहिल्या दिवशी त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केले. तो काळ वृत्तपत्रांना प्रतिकूल होता. सविनय कायदेभंगाचे दुसरे पर्व नुकतेच सुरू होत होते. ४ जानेवारी रोजी गांधीजींना अटक झाली. १९३१ च्या आणीबाणी अधिकारांच्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापखान्याकडून जामीन मागण्याचा आणि तो जप्त करण्याचा अधिकार सरकारला होता. अशा वेळी वृत्तपत्राचा मालक होणे म्हणजे लाभापेक्षा जोखीम पत्करणे होते.

परुळेकरांनी केलेला मूलभूत बदल मतपत्राकडून वृत्तपत्राकडे असा होता. तोपर्यंतच्या मराठी पत्रकारितेत अग्रलेखाला अग्रस्थान होते. ‘सकाळ’ने बातमीला, त्यातही स्थानिक बातमीला अग्रस्थान दिले. गावोगावचे वार्ताहर, बाजारभाव, नगरपालिकांचे कामकाज, वाचकांची पत्रे आणि लहान जाहिराती या गोष्टी दैनिकाच्या रोजच्या मजकुराचा भाग झाल्या. हळद आणि गूळ यांच्या बाजारभावांवर ज्यांचे वर्ष अवलंबून होते, अशा सांगली-साताऱ्याकडील व्यापारी आणि शेतकरी वाचकाला या बदलाचे महत्त्व सांगण्याची गरज नव्हती.

या बदलाला मालकीच्या दृष्टीने एक वेगळा अर्थ आहे. मतपत्राचा वाचक हा बहुधा त्या मताचा अनुयायी असतो. तो पत्राकडे निष्ठेने येतो. वृत्तपत्राचा वाचक कोणत्याही मताचा असू शकतो. तो पत्राकडे विश्वासाने येतो. हा विश्वास हेच अशा पत्राचे खरे भांडवल होय. यंत्रे, इमारत आणि कागद ही मालमत्ता भागधारकांची असते, हे निर्विवाद. परंतु वाचकांच्या विश्वासातून निर्माण झालेले जे मूल्य, ते कोणाचे? परुळेकरांच्या हयातीत हा प्रश्न उद्‌भवला नाही, कारण संस्थापक, संपादक आणि प्रमुख मालक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या होत्या. पुढे पत्राचा उद्योग ‘सकाळ पेपर्स’ या खाजगी मर्यादित कंपनीच्या रूपात चालू लागला, तरी व्यवहारात ही एकरूपता कायम होती.

१९६१ चा निकाल : मालक आणि वाचक एका बाजूस

स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग १९५२ साली नेमण्यात आला. त्याचा अहवाल १९५४ मध्ये आला. मोठ्या भांडवलदारांच्या साखळी वृत्तपत्रांना अधिक पाने कमी किमतीत देणे परवडते आणि त्यामुळे लहान व भाषिक पत्रे स्पर्धेत मागे पडतात, असे आयोगाचे निदान होते. त्यावर पानांच्या संख्येनुसार किमान किंमत ठरविण्याचा उपाय सुचविण्यात आला. त्यानुसार १९५६ साली वृत्तपत्रांची किंमत व पृष्ठे यांविषयीचा कायदा झाला आणि १९६० मध्ये दैनिकांसाठी प्रत्यक्ष आदेश निघाला.

येथे इतिहासाचा एक विरोधाभास दिसतो. ज्या कायद्याचा घोषित हेतू प्रादेशिक पत्रांना संरक्षण देण्याचा होता, त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारे पत्र मुंबई-दिल्लीच्या साखळीतील नव्हते. ते पुण्याचे ‘सकाळ’ होते. निकालपत्रात नोंदविलेली आकडेवारी त्या वेळच्या प्रादेशिक दैनिकाचे अर्थकारण समजून घेण्यास मोलाची आहे. ‘सकाळ’चा महाराष्ट्र आणि कर्नाटकातील खप सामान्य दिवशी ५२,००० आणि रविवारी ५६,००० असल्याचे सांगण्यात आले होते. आठवड्यातील पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने, अशी सहा दिवसांत एकूण ३४ पाने दिली जात. अंकाची किंमत ७ नये पैसे होती. रविवारचा अंक दहा पानांचा असून त्याची किंमत १२ नये पैसे होती. सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींना दिली जात असे. नव्या आदेशानुसार तितकीच पाने द्यायची तर किंमत ८ नये पैशांवर न्यावी लागणार होती, अन्यथा पाने कमी करावी लागणार होती.

एका नव्या पैशाचा हा फरक आज क्षुल्लक वाटेल. परंतु अर्जदारांचा युक्तिवाद असा की, किंमत वाढली तर खप घटेल, पाने कमी केली तर बातम्या आणि विचार मांडण्याची जागा घटेल. दोन्ही प्रकारे अभिव्यक्तीचा संकोच होईल. आपण कोणत्याही राजकीय पक्षाशी बांधील नाही, अशी भूमिकाही पत्राने न्यायालयापुढे मांडली होती. सरकारच्या वतीने सांगण्यात आले की हे निर्बंध वृत्तपत्राच्या व्यापारी अंगावर आहेत, त्याच्या विचारांवर नाहीत. आणि व्यापारावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या या निकालात सरकारचा युक्तिवाद अमान्य करण्यात आला. विचार प्रसृत करण्याच्या स्वातंत्र्यात विचार किती लोकांपर्यंत पोहोचावेत याचेही स्वातंत्र्य अंतर्भूत आहे. खपावर परिणाम करणारा निर्बंध हा अभिव्यक्तीवरीलच निर्बंध होय. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कारणासाठी, व्यापाराचे नियमन करण्याच्या निमित्ताने का होईना, असा निर्बंध घालता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९५६ च्या कायद्यातील संबंधित तरतूद आणि १९६० चा आदेश घटनाबाह्य ठरले. भारतीय घटनात्मक कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकविला जातो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या खटल्यातील एक दुय्यम वाटणारी बाब अधिक महत्त्वाची आहे. कंपनी आणि तिचे भागधारक यांच्याबरोबरच ‘सकाळ’च्या दोन वाचकांनीही न्यायालयात स्वतंत्रपणे दाद मागितली होती. म्हणजे पत्रावरील निर्बंध हा आपल्याही हक्कावरील आघात आहे, असे वाचकाने म्हटले आणि तो न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला. मराठी वृत्तपत्राच्या इतिहासात मालक आणि वाचक एकाच बाजूस उभे असल्याचे इतके स्पष्ट दृश्य दुसरे क्वचितच आढळेल. समोर राज्यसंस्था असल्यामुळे या दोघांच्या हितांत भेद नव्हता.

१९७३ नंतर : मालकीचे हस्तांतर

८ जानेवारी १९७३ रोजी नानासाहेब परुळेकर यांचे निधन झाले. संस्थापक-संपादक-मालक ही एकरूपता संपली आणि तीनही भूमिका वेगळ्या झाल्या. संपादकीय जबाबदारी संस्थेत तयार झालेल्या सहकाऱ्यांनी सांभाळली. १९८० मध्ये कोल्हापूरहून आवृत्ती सुरू झाली आणि त्यामुळे सांगली व साताऱ्याच्या दक्षिण भागातील वाचकांच्या हाती पत्र अधिक लवकर पडू लागले. मालकीचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला होता. १९८५ च्या सुमारास कंपनीची सूत्रे शरद पवार यांच्या कुटुंबीयांकडे आली आणि त्यांचे बंधू प्रताप पवार यांनी व्यवस्थापनाची धुरा स्वीकारली.

या हस्तांतराच्या संदर्भात संस्थापकांच्या कन्या क्लॉड-लीला परुळेकर यांनी न्यायालयात दाद मागितली. दीर्घकाळ चाललेल्या या वादाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २००५ मध्ये लागला. भागांचे हस्तांतर कंपनीच्या नियमावलीनुसार झाले का, हस्तांतराचे दस्तऐवज कंपनी कायद्याच्या कलम १०८ च्या अटी पूर्ण करीत होते का, यांसारखे प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी होते. कोणत्या पक्षाचे म्हणणे किती ग्राह्य ठरले, हा कायद्याच्या अभ्यासकांचा विषय असून त्याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. येथे पाहावयाचे आहे ते वादाचे स्वरूप.

१९६१ आणि २००५ या दोन निकालांची तुलना केल्यास एक लक्षणीय बाब समोर येते. दोन्ही प्रकरणांत कंपनी तीच आणि पत्र तेच होते. पहिल्या प्रकरणात वृत्तपत्र हे नागरिकांच्या मूलभूत हक्काचे साधन म्हणून न्यायालयापुढे आले आणि वाचक हा त्या वादातील पक्षकार होता. दुसऱ्या प्रकरणात तेच वृत्तपत्र भाग, नोंदवही आणि हस्तांतरपत्रे यांच्या रूपात न्यायालयापुढे आले आणि वाचकाला तेथे जागाच नव्हती. यात न्यायालयाची काही चूक होती असे नव्हे. कंपनी कायद्याला भागधारक दिसतो, वाचक दिसत नाही. पत्राचे पान कमी झाले तर वाचक न्यायालयात जाऊ शकतो. पत्र एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेले तर त्याला केवळ बातमी मिळू शकते, तीही मिळालीच तर.

या संदर्भात दोन्ही बाजू नोंदविणे आवश्यक आहे. नव्या व्यवस्थापनाच्या काळात ‘सकाळ’चा मोठा विस्तार झाला, राज्याच्या विविध भागांतून आवृत्त्या निघाल्या, यंत्रसामग्री आधुनिक झाली आणि जिल्हा पातळीवरील बातम्यांना अधिक जागा मिळाली. भांडवलाशिवाय हे शक्य झाले नसते. त्याचबरोबर, कोणत्याही पक्षाशी बांधील नाही असे न्यायालयात सांगणाऱ्या पत्राची मालकी राज्याच्या राजकारणातील एका प्रमुख कुटुंबाकडे गेली, तेव्हा वाचकाच्या मनात प्रश्न निर्माण होणे स्वाभाविक होते. अशा प्रश्नाचे उत्तर रोजच्या अंकातूनच द्यावे लागते. ते देण्यास बांधील करणारी कोणतीही संस्थात्मक व्यवस्था मात्र नव्हती, हा खरा मुद्दा आहे.

मालकीचे अन्य प्रकार

‘सकाळ’चे उदाहरण अपवादात्मक नाही हे समजण्यासाठी समकालीन पत्रांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. स्थूलमानाने मराठी दैनिकांच्या मालकीचे पुढील प्रकार दिसतात.

पहिला प्रकार कुटुंबाच्या मालकीचा. कोल्हापुरात ग. गो. जाधव यांनी १९३९ च्या आरंभी ‘पुढारी’ दैनिक सुरू केले आणि ते त्यांच्या कुटुंबाकडेच राहिले. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत या पत्राचा मोठा वाचकवर्ग आहे. बेळगावात बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेल्या ‘तरुण भारत’ची कथाही अशीच आहे. कौटुंबिक मालकीत सातत्य राहते, स्थानिक समाजाशी नाते टिकते. परंतु पत्राचे धोरण हे घराण्याच्या भूमिकेपासून वेगळे राहणे कठीण असते.

दुसरा प्रकार मोठ्या उद्योगसमूहाच्या मालकीचा. एक्स्प्रेस समूहाचे ‘लोकसत्ता’ (१९४८) आणि टाइम्स समूहाचे ‘महाराष्ट्र टाइम्स’ (१९६२) ही त्याची उदाहरणे. येथे संपादकाला भांडवलाची चिंता नसते, पण त्याच्या पदाचे स्थैर्य समूहाच्या निर्णयावर अवलंबून राहते.

तिसरा प्रकार राजकीय पक्षाच्या आश्रयाने चालणाऱ्या पत्रांचा. यशवंतराव चव्हाण यांच्या प्रेरणेने द्वैभाषिक मुंबई राज्याच्या काळात पुण्यात सुरू झालेले ‘विशाल सह्याद्री’ हे या वर्गातील. येथे निदान वाचकाला पत्राची बाजू आधीच ठाऊक असते.

चौथा प्रकार व्यक्तिनिष्ठ पत्राचा. आचार्य अत्रे यांचे ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून जन्मास आले. १९६९ साली अत्रे गेले आणि त्यानंतर हे पत्र फार काळ टिकू शकले नाही. संस्थापकाबरोबर पत्रही अस्तास जाते, हे या प्रकाराचे वैगुण्य.

पाचवा प्रकार विश्वस्तसंस्थेचा. त्याची चर्चा ‘केसरी’च्या संदर्भात वर केलीच आहे. या पाचही प्रकारांत वाचक हा ग्राहक आहे, अनुयायी आहे किंवा लाभार्थी आहे. कोठेही तो मालक नाही.

सहकाराची भूमी आणि वृत्तपत्र

सातारा आणि सांगली हे जिल्हे सहकाराचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पाणीपुरवठा संस्था, पतसंस्था अशी सहकाराची सर्व रूपे येथे उभी राहिली. ऊस पिकविणारा शेतकरी हाच कारखान्याचा सभासद, हे तत्त्व येथील सामान्य माणसाला परिचित आहे. तथापि बातमी वाचणारा हाच पत्राचा सभासद, हा विचार या भूमीत संघटित स्वरूपात रुजल्याचे दिसत नाही. याची कारणे शोधणे उद्‌बोधक ठरेल. साखर कारखान्यास शासनाचे भागभांडवल आणि हमी मिळत असे. वृत्तपत्राने शासनाचे भांडवल घेतले तर त्याचे स्वातंत्र्यच धोक्यात येते. शिवाय सहकारी संस्थांच्या निवडणुका हाच जिल्ह्याच्या राजकारणाचा पाया झाल्यामुळे, सहकारी पत्र निघाले असते तरी ते गटबाजीपासून अलिप्त राहिले असते का, ही शंकाही रास्त आहे.

या संदर्भात फ्रेंच भाषिक प्रदेशांतील दोन उदाहरणांचा उल्लेख करावासा वाटतो, कारण तेथील प्रादेशिक दैनिकांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. फ्रान्सच्या पश्चिम भागातील ‘वेस्त-फ्रान्स’ हे दैनिक १९४४ साली, जर्मन ताब्यातून देश मुक्त होत असताना सुरू झाले. पत्र बाहेरच्या भांडवलदाराच्या हाती जाऊ नये म्हणून १९९० मध्ये त्याची मालकी ना-नफा तत्त्वावरील एका संघटनेकडे सोपविण्यात आली. तिचे भाग विकत घेता येत नाहीत, म्हणून पत्रही विकत घेता येत नाही. दुसरे उदाहरण कॅनडातील क्वेबेक व लगतच्या भागातील. ‘ल सोलेय’सह सहा फ्रेंच प्रादेशिक दैनिके चालविणारा समूह २०१९ साली दिवाळखोरीत निघाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी सहकारी संस्था स्थापन करून ती पत्रे चालविण्यास घेतली. ही पत्रे वाचली. परंतु २०२३ च्या अखेरीस त्यांची छापील आवृत्ती बंद करून ती केवळ अंकीय स्वरूपात चालू ठेवावी लागली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मालकीचे पर्यायी प्रकार केवळ कल्पनेतले नाहीत, ते व्यवहारात येऊ शकतात. परंतु योग्य मालकी ही आर्थिक अडचणींवरील रामबाण उपाय नव्हे. जाहिरातींचे उत्पन्न आटले तर सहकारी पत्रालाही त्याची झळ लागते.

मालकीची माहिती : एक दुर्लक्षित साधन

१९५४ च्या आयोगाच्या शिफारशींतून वृत्तपत्र निबंधकाचे कार्यालय अस्तित्वात आले आणि १९५६ च्या नियमांनुसार प्रत्येक वृत्तपत्राने दरवर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालकीविषयक निवेदन प्रसिद्ध करणे बंधनकारक झाले. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांच्या नावांबरोबरच एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक भाग धारण करणाऱ्यांची नावे त्यात द्यावी लागत. ‘नमुना चार’ या नावाने ओळखले जाणारे हे निवेदन मार्च महिन्यातील अंकाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापले जाई. ज्या १८६७ च्या कायद्याखाली ही व्यवस्था होती, त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे.

इतिहासाच्या अध्यापकांच्या दृष्टीने ही निवेदने म्हणजे हाताशी असलेले प्राथमिक साधन होय. सातारा, कराड, सांगली, मिरज येथील जुन्या सार्वजनिक वाचनालयांत स्थानिक पत्रांच्या ज्या फाइली जतन झाल्या असतील, त्यांतील मार्च महिन्याचे अंक एकत्र करून पाहिल्यास एखाद्या दैनिकाची मालकी अर्धशतकात कशी बदलत गेली याचा आलेख तयार करता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी हा विषय अल्प खर्चाचा आणि फलदायी आहे. या फाइली जीर्ण होत आहेत. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात संपादकाचे स्वातंत्र्य हे बहुतांशी मालकीच्या रचनेने मर्यादित केलेले स्वातंत्र्य होते. आगरकर आणि खाडिलकर यांना वेगळे मत मांडण्यासाठी वेगळे पत्र काढावे लागले.

२. ‘सकाळ’ने मतनिष्ठेऐवजी वाचकांच्या विश्वासावर प्रादेशिक दैनिक उभे केले. या विश्वासाचे मूल्य पत्राच्या ताळेबंदात दिसत नाही, परंतु मालकीच्या हस्तांतरात तेच सर्वांत मौल्यवान असते.

३. १९६१ च्या निकालाने वृत्तपत्राचे राज्यसंस्थेपासून संरक्षण केले आणि त्या प्रसंगी वाचकालाही पक्षकार म्हणून स्थान होते. मालकी-हस्तांतराच्या वादात मात्र वाचकाला कोणतेही स्थान नाही. आपल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कल्पनेतील ही उणीव आहे.

४. कुटुंब, उद्योगसमूह, पक्ष, व्यक्ती आणि विश्वस्तसंस्था या मालकीच्या पाचही प्रकारांना आपापल्या मर्यादा आहेत. संस्थापकाच्या पश्चात पत्राचे काय, याचा निर्णय त्याच्या हयातीतच संस्थात्मक स्वरूपात होणे हिताचे ठरते.

५. सहकाराचा दीर्घ अनुभव असलेल्या सातारा-सांगली परिसरात वाचकांच्या सहभागाचे पत्र हा विचार आजही अभ्यासण्याजोगा आहे. मात्र सहकारी संस्थांच्या राजकारणाचा अनुभव लक्षात घेऊनच तो केला पाहिजे.

वृत्तपत्र विकत घेणारा वाचक रोज सकाळी काही रुपये देतो आणि त्या बदल्यात त्याला अंक मिळतो. या व्यवहारात त्याने आपला विश्वासही दिलेला असतो, त्याची पावती मात्र त्याला मिळत नाही. ती पावती कोणत्या रूपात देता येईल, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात अद्याप लिहिले गेलेले नाही. निदान आपले पत्र कोणाच्या मालकीचे आहे हे वाचकाला ठाऊक असावे, एवढी किमान अपेक्षा पूर्ण होण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाने आपला वाटा उचलणे आवश्यक आहे.